सव्विसावी पार्वती

हिरामण मढवी हा छापणारा माणूस. नारपोलीत, कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात, पत्र्याच्या एका गाळ्यात त्याचं उभं आयुष्य शाईत गेलं. कापडाच्या ताग्यांवर चिकटवायची रंगीत लेबलं, लग्नपत्रिका, हळदीची आमंत्रणं, निवडणुकीची चिठोरी, जे येईल ते काम त्याने घेतलं. तीन पक्षांची चिठोरी तो एकाच दिवशी छापायचा आणि तिघांनाही गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "यंदा हवा तुमचीच हाय."

तो मूळचा पूर्णा गावचा, आगरी. बापाची भातखाचरं गोदामांखाली गेली तेव्हा भावकीत कुणी गाड्या घेतल्या, कुणी बंगल्याच्या गेटवर सिमेंटचे सिंह बसवले. हिरामणने नारपोलीत गाळा घेतला. लोक हसले. हातात आलेली लक्ष्मी शाईत बुडवणारा हा पहिलाच, असं म्हणाले. पण महमूदशेठ नावाच्या एकाच्या छापखान्यात पोरवयात काम करतानाच त्याला छपाईचं वेड लागलं होतं. लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेली बारीक जाळी, आणि चित्र जिथे नको तिथे बुजवलेली भोकं. वरून रबरी पट्टीने शाई ओढली की खाली चित्र उमटतं. त्या चौकटीला धंद्यात स्क्रीन म्हणतात. एका रंगाला एक स्क्रीन. एवढीशी गोष्ट, पण कागद उचलून बघताना हिरामणच्या चेहऱ्यावर दरवेळी पहिल्यांदाच बघतोय असा भाव असायचा.

बायको पार्वती, काल्हेरची. रंगाने सावळी, बांध्याने दणकट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि हसणं असं की गल्लीतल्या लूमच्या आवाजातूनही वेगळं ऐकू यायचं. पण कुणी फोटो काढायला गेलं की पदर थेट तोंडावर. "फोटो मेल्यावं लावतात भितीला," ती म्हणायची. "मी जिती हाय, मनाच बगा ना." लग्नाच्या फोटोंतही ती मान खाली घालून बसलेली, नुसता मुंडावळ्यांचा झुपका दिसतो.

या घरात मृणाली कर्णिक आली ती एका लेबलामुळे. मृणाली मुंबईची चित्रकार. कुठल्याशा ताग्यावरचं हिरामणने छापलेलं लेबल तिच्या हाती पडलं, भडक गुलाबी जमिनीवर पोपटी मोर, आणि ती पत्ता शोधत नारपोलीत उतरली. बाजारातल्या रोजच्या वस्तू, डबे, बाटल्या, लेबलं, असल्याच भडक रंगांत मोठ्या करून मांडायच्या, अशा चित्रांना पॉप आर्ट म्हणतात, हे तिने हिरामणला समजावलं.

"म्हंजे आमचं लेबलच की," हिरामण म्हणाला. "फक्त फ्रेममधी."

"अगदी तेच," मृणाली म्हणाली.

दुपारी पार्वतीने तिला जेवायला बसवलं. कोळंबीच्या कालवणाचा पहिला घास घेतला आणि मृणालीच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहायला लागलं. ते बघून पार्वती जी हसत सुटली, ती थांबेचना. मृणालीने डाव्या हाताने वही ओढली आणि ते हसणं तिथल्या तिथे उतरवलं. पदर तोंडावर घ्यायला पार्वतीला सवडच मिळाली नाही. कॅमेऱ्याला ती ओळखायची, पेन्सिलीला नाही.

त्याचं चित्र झालं. एकाच कागदावर चार पार्वत्या, एक गुलाबी, एक पोपटी, एक हळदीची पिवळी, एक निळी. चौघी तोंड उघडून हसतायत, चौघींच्या कपाळावर तेच लालभडक कुंकू. रंगांचे स्क्रीन वेगळे, आणि चेहऱ्याच्या काळ्या रेघांचा वेगळा. डोळे, नाक, ओठ, सगळं त्या एका काळ्या स्क्रीनमध्ये, तोच चार वेळा ओढायचा.

"पंचवीस छापायच्या," मृणालीने सांगितलं.

हिरामणला वाटलं, बाईंची काहीतरी गल्लत होतेय. पंचवीस तर शाई जुळवतानाच वाया जातात. पार्वतीनेही नाक मुरडलं. "लेबलं हजारानं छापता आनि मी पंचवीसच? मी काय लेबलापरीस हलकी?"

मग मृणालीने दोघांना नीट सांगितलं. ही चित्रं मोजकी असतात, म्हणूनच त्यांना मोल असतं. प्रत्येकावर नंबर घालायचा, खाली सही करायची. पंचवीस म्हणजे पंचवीस, सव्विसावं निघालं की चित्रकार खोटा ठरला. म्हणून छपाई संपली की स्क्रीन ब्लेडने फाडून टाकायचे असतात, हा त्या कामातला कायदाच.

छपाई झाली. हिरामणने तिच्यासमोर एकेक रंगाचा स्क्रीन फाडला. काळा शेवटी राहिला. संध्याकाळ होत आली होती, मृणालीला निघायचं होतं. "उद्या फाडतो, बाई. शाई ओली हाय," हिरामण म्हणाला. ती विश्वासाने गेली. दुसऱ्या दिवशी ब्लेड घेऊन तो बसला तर जाळीत पार्वतीचे डोळे त्याच्याकडेच बघत होते. आणि स्वतः पार्वती पलीकडे भांडी घासत होती. जित्या बायकोच्या तोंडावर ब्लेड कसं चालवायचं? त्याला ते अभद्र वाटलं. त्याने स्क्रीन धुतला, जुन्या धोतरात गुंडाळला आणि पोटमाळ्यावर टाकला. मृणालीने फोनवर विचारलं तेव्हा म्हणाला, "झालं, बाई." तेवढं एकच खोटं. पुढे तो ते विसरूनही गेला.

मृणालीच्या त्या चित्रांकडे तेव्हा कुत्रंही फिरकलं नाही. दोन-चार विकली गेली, बाकीची तिने ओळखीच्यांना वाटली. पोटासाठी शाळेत चित्रकला शिकवायला लागली, सुरुवातीला दिवाळीला फोन करायची, मग नंबर बदलले आणि तेही राहिलं. इकडे हिरामणच्या गाळ्यात लेबलांचं काम संगणकाने खाल्लं आणि कापडी पिशव्यांचं काम आलं. मुलगा मनोज पूर्णा गावातल्या एका मोठ्या गोदामात कामाला लागला. तिथे श्रीमंतांच्या मौल्यवान वस्तू, चित्रं, मूर्ती पेट्यांत बंद करून ठेवतात. मनोज पॅकिंगला होता.

आणि पार्वती गेली. धडधाकट बाई, तापाचं निमित्त झालं, आठवडाही काढला नाही. हिरामणला रडूसुद्धा धड आलं नाही. माणसं येत होती, बसत होती, उठत होती, आणि तो खुळ्यासारखा दाराकडे बघत होता, की आता ही येईल आणि एवढ्या माणसांना चहा कोण करणार म्हणून ओरडेल.

उत्तरकार्याला गेलेल्या माणसाच्या नावाने काहीतरी वाटायची त्यांच्यात रीत. कुणी नाव कोरून ताटं वाटतं, कुणी डबे. मनोज म्हणाला, पिशव्या वाटू, आईचा फोटो छापून. पण फोटो कुठला? घरभर शोधून हाती आलं एक आधार कार्ड, आणि त्यावरचा फोटो बघून यमसुद्धा म्हणाला असता, ही ती नव्हे. तेव्हा हिरामणला पोटमाळा आठवला. धोतर सोडलं. जाळी उजेडात धरली, आणि पार्वती हसली.

तेव्हा तो रडला. स्क्रीन छातीशी धरून, पोराच्या देखत, ढसाढसा रडला.

त्याने स्वतःच्या हाताने पिशव्या छापल्या. पांढऱ्या कापडावर काळ्या रेघांतली पार्वती आणि कपाळावर बोटाने लावलेला लाल टिळा. मृणाली, पंचवीस, कायदा, यातलं काही त्याच्या मनातही आलं नाही, आणि आलं असतं तरी त्याने तेच केलं असतं. जेवून उठलेल्या प्रत्येकाच्या हातात त्याने पार्वती दिली. पूर्णा, काल्हेर, नारपोली, जिथे जिथे तिचं माणूस होतं, तिथे तिथे ती गेली. मासळीबाजारात, दळणाच्या गिरणीत, दवाखान्यात, कुठेही कुणाच्या तरी खांद्यावर ती हसताना दिसायची. हिरामणला तेवढाच आधार होता. रस्त्यात दिसली की तो क्षणभर उभा राहायचा, मग पुढे जायचा.

वर्ष उलटून गेलं आणि एके दिवशी मृणाली दारात उभी. केस पांढरे, हातात मिठाईचा पुडा, पण चेहरा असा उतरलेला की मिठाई कशाची ते कळेना. येताना बाजारात तिने पिशवी बघितली होती, आणि ज्या बाईच्या हातात होती तिनेच पार्वती गेल्याचं सांगितलं होतं. ती हिरामणसमोर बसून खूप वेळ रडली. हिरामणच तिची समजूत काढत होता.

मग तिने सांगितलं, ती का आली होती. तिची चित्रं आता या वयात कुणीतरी उकरून काढली होती. मुंबईच्या एका मोठ्या लिलावात पंचविसातली एक पार्वती बोलीला लागणार होती, लिलावाच्या पुस्तकात मोठं छापून आलं होतं. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच होत होतं. तेच दोघांना सांगायला ती आली होती.

"हिरामणभाऊ," ती हळूच म्हणाली, "पिशवीवर तोच चेहरा आहे ना? त्याच स्क्रीनचा?"

हिरामणची मान खाली गेली. "मी फाडला न्हाय, बाई. माझ्या हातानं झालं न्हाय. तुमाला खोटं बोल्लो."

मृणाली रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. "मला त्यांना सांगावं लागेल," एवढंच म्हणाली. "आज ना उद्या कुणीतरी बघेलच. मग म्हणतील, पंचवीस सांगून शेकड्याने छापली. खोटारडी म्हणतील मला."

लिलाववाल्यांना तिने खरं ते सांगितलं. त्यांचा निरोप आला. स्क्रीन आणि वाटलेल्या सगळ्या पिशव्या परत आणून नष्ट केल्या तर चित्र बोलीला राहील, नाहीतर काढून टाकू. मृणाली फोनवर हिरामणला म्हणाली, "भाऊ, तुम्ही काहीही करू नका. माझं आयुष्य असंच गेलं, उरलेलंही जाईल." पण आपल्या खोट्यापायी बाईच्या कपाळी खोटारडेपणाचा शिक्का बसणार, हे हिरामणला झोपू देईना. तिने जन्मभर ज्याची वाट बघितली ते दारात आलं होतं आणि तो दार अडवून उभा होता. एकीकडे त्याचा शब्द, दुसरीकडे त्याची पार्वती.

"मी आनतो गोला करून," तो म्हणाला.

मनोज भडकला. "बाबा, आईला लोकांच्या घरातनं काढून आनाया जातो तू? वाटलेलं कुनी परत मागतं?"

"मी शब्द दिल्ता," हिरामण म्हणाला.

तो निघाला. खांद्यावर कोऱ्या पिशव्यांचा गठ्ठा, एक द्यायची, एक घ्यायची. वाटलेलं दान परत मागणाऱ्याला गावात काय म्हणतात ते त्याला माहीत होतं, आणि काहींनी ते तोंडावर म्हणूनही दाखवलं. पण बहुतेकांनी काही न बोलता पिशवी रिकामी करून दिली. एकीत सुके बोंबील होते, धुऊनही वास जाईना. एकीत कुणाच्या नातवाची पुस्तकं. गॅरेजमध्ये एक सापडली, तिचा हात पुसायचा पोचारा केला होता, पार्वतीच्या हसऱ्या दातांवर काळं ऑईल. हिरामणने ती घडी करून गठ्ठ्यात ठेवली आणि गॅरेजवाल्याला राम राम करून बाहेर आला, पण रस्त्यात त्याला पुढचं दिसेना. एका बाईने पिशवी मधोमध कापून देवाच्या पेटीवर पसरली होती. "काकी रोज पूजेला असते आमच्यात," ती म्हणाली आणि देव उचलून बाजूला ठेवायला लागली. ज्या फाटल्या, हरवल्या, त्यांचं घरोघर विचारून तो मृणालीला प्रामाणिकपणे सांगत होता.

शेवटी एकच उरली. काल्हेरची. पार्वतीच्या आईची.

रंगूबाई आता नव्वदीला टेकलेली, डोळ्यांनी जवळजवळ गेलेली. हिरामण तिच्या खाटेशी जाऊन बसला. तिने पाणी विचारलं, मनोजचं विचारलं. हिरामण मनोजचंच सांगत राहिला. तिच्या मांडीवर ती पिशवी होती, घडी घातलेली, चेहरा वर.

"तू पिशवीपायी आलास ना?" म्हातारीच म्हणाली. "समजलं मना. गावात बातमी आली."

"आये, ऱ्हाऊ दे. तुझी मी नेत न्हाय."

"त्या बाईचं वाईट व्हईल म्हनतात, एक जरी ऱ्हायली तरी."

हिरामणने खांद्यावरचा गठ्ठा खाली ठेवला.

"मना दिसत न्हाय रं," रंगूबाई म्हणाली. तिची बोटं पिशवीवर फिरत होती. कापडावरची शाई जाड, वाळली की रबरासारखी हाताला लागते. "पन समजतं. हे नाक. हे डोले. हे दात, कशी दात काढून हसते बग. डाव्या गालाला खली पडते ती पन घेतलीय बाईनं. मंग मी बोलते तिच्याशी."

मग तिने आतली औषधाची पाकिटं एकेक काढून उशाखाली ठेवली, पिशवी झटकली, आणि हिरामणच्या दिशेने धरली. "ने. आमच्या पारूपायी कुनाचं वाईट नको. ती तशी न्हवती."

हिरामणने ती घेतली. का घेतली, हे त्याने पुढे स्वतःला किती वेळा विचारलं असेल त्याला गणती नाही. नको म्हणाला असता तर? एक पिशवी, अंधाऱ्या खोलीतल्या म्हातारीच्या मांडीवरची, कुणाला दिसणार होती? पण एकदा खोटं बोलून त्याचे हे हाल झाले होते, दुसऱ्यांदा त्याची छाती झाली नाही. शहाणपण माणसाला नको त्या दारात सुचतं. त्याने सासूच्या पायाला हात लावला आणि तिच्या मांडीवर कोरी पिशवी ठेवून तो बाहेर पडला.

लिलाववाल्यांच्या माणसासमोर सगळ्या पिशव्यांचे कातरून तुकडे झाले. स्क्रीन हिरामणने स्वतः फाडला. जाळी ताणलेली होती, ब्लेड लागताच कपाळापासून हनुवटीपर्यंत एका झटक्यात फाटत गेली. मृणालीने त्याचा हात धरला होता. तिला बरं वाटलं असावं असं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

लिलाव मनोजच्या मोबाइलवर बघितला. पडद्यावर चारही पार्वत्या हसत होत्या. बोली चढत गेली, शेवटचा आकडा ऐकून मनोजने तोंडावर हात धरला, आणि हातोडा पडला. मृणालीचा फोन आला, ती रडत होती, हसत होती, सगळं श्रेय पार्वतीवहिनीला देत होती. वर्तमानपत्रांत तिचं नाव आलं. शब्द राहिला. हिरामणने देवापुढे दिवा लावला आणि जेवण न करता झोपला.

नंतर एका संध्याकाळी मनोज ड्युटीवरून आला तो बूटही न काढता पायरीवर बसला. "बाबा," तो म्हणाला, "आई आमच्याच गोडावनात आलीय. पेटी मीच रॅकवं चढवली. ज्यानं घेतली त्यानं उघडून पन बगितली न्हाय. भाव वाढला की इकनार, तवर पेटीतच. आख्खं गोडावन तसल्याच पेट्यांनी भरलंय."

हिरामण त्याच्या शेजारी पायरीवर टेकला. त्याने विचारलं, "उभी ठेवलीस, की आडवी?"

"उभी," मनोज म्हणाला, आणि उठून आत गेला.

रविवारी हिरामण काल्हेरला गेला. गोदामांचे ट्रक रस्ता अडवून उभे होते, म्हणून थोडा उशीर झाला. रंगूबाई त्याच्या पावलांवरूनच त्याला ओळखायची. कोरी पिशवी तिने उशाला गाठोड्यासारखी लावली होती.

"गेली काय रं आपली पारू? चित्रातली?"

"गेली, आये."

"चांगल्या घरी पडली ना?"

"मोठ्या घरी. रात-दिस ए.सी. चालू असतो. बाहेर वॉचमन हाय."

"बरं झालं. जल्मभर चुलीपुढं घामाघूम झाली पोर." म्हातारीचा चेहरा उजळला. "मानसं हायत ना घरात? तिना बोलाया मानूस लागतं."

"हायत की. लय हायत."

"मना नेशील एक डाव? दिसाचं न्हाय मना, पन नुसता हात लावून येईन."

"लांब हाय, आये," हिरामण म्हणाला. त्याचा आवाज फुटला, पण म्हातारीला तो खोकल्यासारखा वाटला असावा. "लय लांब."

"मंग ऱ्हाऊ दे," रंगूबाई म्हणाली. तिने त्याचा हात शोधून धरला आणि थोपटला, त्याचीच समजूत काढावी तसा. "लांब दिलेल्या पोरी गनपतीला येतात."